डावऱ्या हाताचा पीळ

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात चौसाळ्याच्या सोसायटीच्या गोदामात खताचं एक पोतं नव्हतं, म्हणून तिथं सिनेमा लागला. दुष्काळी कामावर दुधाची भुकटी वाटायला आलेल्या गोऱ्या साहेबानं मुंबईवर स्वतः काढलेला अर्ध्या तासाचा सिनेमा बरोबर आणला होता. दाराखिडक्यांना गोणपाट लावून भर दुपारी खेळ झाला. साहेबाचं इंग्रजी समजणारा गावात मी एकटा मास्तर. तेही अर्धंच समजायचं, उरलेलं मी पदरचं घालायचो.

सत्यभामा खडी फोडायचं सोडून आली होती. तिचा नवरा रामहरी मागल्या पावसाळ्यात मुंबईला काम बघायला गेला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. थोरला दीर सर्जेराव आता भावाचे दिवस घालायला निघाला होता. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. दिवस घातले की सत्यभामेला माहेरी धाडायची आणि विहिरीजवळची रामहरीची तीन एकरं आपल्यात ओढायची.

सिनेमा कसला? ना गाणं, ना मारामारी. माणसाचं तोंड म्हणून दिसेना. नुसते पाय, पाठी, विजेच्या तारा. मग एक नळ मोकळाच वाहत राहिला, चांगला दोन मिनिटं.

"बंद कर की रं त्यो," मागून म्हाळू कळवळून म्हणाला.

मग दोन हात आले. बाजारातला कुणी हमाल केळीच्या पानांचा भारा बांधत होता. गुडघा भाऱ्यावर रोवला, दोरीला डाव्या हातानं पीळ दिला, टोक खालून आत खुपसलं. ऊसतोडीला जाणारी आमची माणसं उसाची मोळी अशीच बांधतात. आणि रामहरी डावरा.

सत्यभामा उठली. ज्या दिरासमोर नऊ वर्षांत तिचा आवाज निघाला नव्हता, त्याच्या देखत म्हणाली, "हे आमचे हायत. पाच वर्सं कारखान्यावर ह्येंच्या मोळ्या डोक्यावर न्हेल्यात मी. हात वळखू येत न्हाईत व्हय मला?"

"हिला कुणीतरी खाली बसवा," सर्जेराव म्हणाला.

"मास्तर, साहेबाला इचारा, कवाचं हाय हे," ती माझ्याकडं वळून म्हणाली.

मी विचारलं. साहेब म्हणाला, चार वर्षांपूर्वीचं. त्या साली रामहरी रोज माझ्यासमोर पारावर विड्या फुंकत होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सर्जेराव मला कधीच आवडला नाही.

"गेल्या दिवाळीतलं," मी म्हणालो.

दिवस घालायचं राहिलं. मला वाटलं, मिटलं. पण बाईनं मलाच साहेबाला विचारायला लावून त्या बाजाराचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि एसटीत बसली. बाराव्या दिवशी परतली ती घरी न जाता माझ्या दारात.

"सापडला," ती म्हणाली.

"रामहरी?"

"त्यो हातवाला. डावराच हाय. आष्टीकडचा. साहेब आलता त्याला चार वर्सं झाली म्हनं, मास्तर."

मी तिला बसायला पाट सरकवला.

"कावून बोल्लात तसं, ते न्हाई इचारत. गावभर लोकांचं सांगत फिरता, आता एक माझं सांगा. आमचे भेटले, बरे हायत, पाऊस पडला की येतेत."

"अन् खरं काय, सत्यभामा?"

"मला काय ठावं? जित्ते हायत का न्हाईत, कुनाला इचारू त्या गर्दीत?"

ती गेली. संध्याकाळपर्यंत मी तीन घरं केली. मंजुळाबाईनं तर चहाही पाजला. चौथं घर सर्जेरावाचं. तो दारातच उभा होता. त्यालाही तेच सांगितलं, वर रामहरी जरा वाळलाय असं माझ्या पदरचं घातलं.

"माझं नाव काढलं का त्यानं?" त्यानं विचारलं.

"काढलं की. दादा कसाय म्हणाला."

सर्जेराव उंबऱ्यावर बसला, डोक्याचा पटका काढून तोंडाला लावला आणि हुंदके द्यायला लागला. घरातून बायको पाणी घेऊन आली, तरी थांबेना. मी आपला चपला शोधत राहिलो.