वाणात निवडुंग

निवडुंगाचं बी खसखशीएवढं असतं आणि माझी अक्कल त्याहून लहान. मोठेपणी पाण्यावाचून महिनोन्महिने तगणारं हे झाड लहानपणी ओल नसेल तर मरतं. म्हणून बी पेरून डबा झाकायचा आणि आत दमट हवा कोंडायची. नेरूळच्या आमच्या गच्चीत पाइप आणि प्लास्टिक जोडून मी ग्रीनहाऊस उभं केलं ते त्यासाठीच. सोसायटीत माझं नाव ‘काटेवाले काका’ पडलं. मी ती पदवी समजलो.

पेरणी माझी, मिरवणं माझं. रोपं सुटी करणं मात्र बायकोकडे. मुगाच्या दाण्याएवढं रोप टूथपिकनं उचलून वेगळ्या कुंडीत लावायचं. माझा हात थरथरतो, तिचा नाही. संध्याकाळी खाली बायका बाकड्यावर गप्पा मारायच्या आणि ही वर माझ्या काट्यांत घामाघूम. दोन वर्षं अशीच गेली. सोसायटीत तिची मैत्रीण अशी एकही झाली नाही.

म्हणून त्या संक्रांतीला तिनं पहिल्यांदाच मजल्यामजल्यावर जाऊन हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. वाणासाठी स्टीलच्या वाट्या बघत होती. तेवढ्यात मी तोंड उघडलं.

“वाट्या सगळेच देतात. आपली रोपं दे. बायका नाव काढतील.”

“काटेरी आहेत हो. सणाला?”

“अगं, शिकल्यासवरल्या बायका. कोण मानतंय असलं?”

तिनं ऐकलं, हाच घोळ झाला. अंगठ्याएवढी झालेली रोपं निवडली, कुंड्या स्वतः रंगवल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. बायका आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत कान टवकारून बसलो होतो.

“अय्या, किती क्यूट!”

“बियांपासून? काकू, यू आर ग्रेट!”

मी आत बसल्याबसल्या फुगत होतो. तळमजल्यावरच्या आगरी आजी तेवढ्या स्पष्ट बोलल्या, “गो बाय, वानान काटे कोन देतं? मना तिलगूल दे, बस. बाकी तुजा घर बेस हाय.” बाकीच्या हसल्या. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी बायको कचरा टाकायला खाली गेली ती बराच वेळ आली नाही. बघायला गेलो. जिन्याच्या वळणावर, मीटरच्या पेटीवर, कचऱ्याच्या खोलीच्या दाराशी आमच्या कुंड्या. फेकल्या नव्हत्या हो, वाण कोण फेकतं? नीट ठेवल्या होत्या, कुणाच्याच नसल्यासारख्या. बायको त्या बादलीत गोळा करत होती.

“चला, पुढच्या वर्षीचं वाण वाचलं,” मी म्हणालो. ती पुढची कुंडी उचलायला वाकली.

आठवड्यानं लिफ्टमध्ये ‘किती क्यूट’वाली भेटली. “काकू, तुमचं झाड मस्त वाढतंय हं. फूल आलं की फोटो पाठवते.”

“पाठव ना,” बायको हसून म्हणाली. झाड आमच्या गच्चीत होतं.

घरात आल्यावर मी तणतणलो, “तोंडावर सांगायचंस ना तिला!”

“आणि उद्या लिफ्टमध्ये कुणाचं तोंड बघू? तुमचं?”

यंदा तिनं कुणालाच बोलावलं नाही. तरी संक्रांतीच्या संध्याकाळी बरी साडी नेसून ती हॉलमध्ये बसली होती. कुणीतरी आपणहून बोलवायला येईल म्हणून. मी टीव्हीचा आवाज कमी केला. बेल वाजली असती तर ऐकू आली असती.