धरता येईल असा काठ

काल नव्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरची खिडकी, म्हणजे विंडो, मोठी करायला गेले, तर तिचा काठ केसाएवढा बारीक. माऊसच्या बाणाला तो सापडेचना, आणि मला परभणीचा कॉम्प्युटर क्लास आठवला.

नव्वदीची सुरुवात होती. मला पुढं शिकू द्यायचं की नाही, हे ठरवायला माझे वडील, अण्णा, आमच्या गावाहून, बोरीहून आले होते. चपला बाहेर काढून, गार खोलीत अंग चोरून बसले. मी त्यांचा राठ हात माऊसवर ठेवला. तेव्हा खिडकीला जाड, करडा काठ असायचा. त्यांनी तो पहिल्याच झटक्यात पकडून ओढला. खिडकी पसरली.

"आगं, बांध सरकला की! अन् भांडायला शेजारी बी न्हाई!" अण्णा खदखदून हसले. "लय भारी हाय. शीक तू."

मला वाटलं होतं, माझ्या हट्टापुढं ते नमले. आज स्क्रीन आखणं हेच माझं काम आहे, आणि मी खात्रीनं सांगते, त्या दिवशी माझी बाजू त्या जाड काठानं मांडली.