पहिल्या ट्यूबमधलं रक्त

आमच्या लॅबचे सर रिपोर्ट कळवायला पेशंटच्या डॉक्टरांना फोन लावत होते, तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"सर, या रक्ताची पहिली ट्यूब कुठे आहे?"

सर वैतागले. साहजिक होतं. आमच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये बनलेल्या चिपवर पहिल्यांदाच पेशंटच्या रक्तातल्या संशयास्पद पेशी सापडल्या होत्या.

चिप म्हणजे काचेची पट्टी. तिच्यावर अतिबारीक तंतूंचा थर, त्यावर ठरावीक पेशींनाच धरून ठेवणारी अँटिबॉडी. रक्त सोडलं की रक्तपेशी वाहून जातात आणि अवयवांच्या अस्तरातल्या पेशी चिकटतात. स्तनाचा कॅन्सर अशाच पेशींचा. त्या रक्तात फिरत असतील, तर तो पसरत असल्याची शंका येते.

रक्त हुपरीच्या अक्कांचं होतं. घरी चांदीचे पैंजण करणाऱ्या बाई. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, केमो संपली होती, केस पुन्हा यायला लागले होते. आमचा रिपोर्ट गेला असता तर सगळं परत सुरू झालं असतं.

गोम अशी, की सुई कातडीतून जाते आणि कातडीच्या पेशीही त्याच कुळातल्या. दोन-चार सुईबरोबर पहिल्या रक्तात येतात, चिपला चिकटतात. म्हणून पहिली ट्यूब बाजूला ठेवायची, दुसरी चिपसाठी घ्यायची. आमच्याकडे एकच आली होती; ती पहिली की दुसरी, ते कळत नव्हतं.

मी रक्त काढणाऱ्या सिस्टरना फोन केला.

"मॅडम, पहिलीच पाठवली. अक्कांनी दुसरी काढूच दिली न्हाय. म्हणाल्या, माझं रगात काय नळाचं पाणी हाय, पहिलं सोडून द्यायला?"

"मग मला सांगायचं तरी!" माझा आवाज चढला.

सर म्हणाले, "पण पेशी कॅन्सरच्याही असू शकतात."

"असू शकतात. म्हणूनच परत घेऊ."

अक्का आल्या. "परत कशाला? काय घावलं व्हय त्यात?"

मी काहीतरी गोलमोल बोलले.

"खरं सांग पोरी."

सांगितलं. पेशी सापडल्यात, पण त्या कातडीच्याही असतील. अक्कांनी बाही वर सारली. मग त्यांनी हात पुढे केला. "घे. दोन घे."

दोन्ही ट्यूब वेगवेगळ्या चिपवर सोडल्या. पहिलीत पेशी सापडल्या, दुसरीत एकही नाही. म्हणजे त्या सुईबरोबर आलेल्या कातडीच्याच होत्या. अक्कांना कळवलं, आणि डॉक्टरांची नेहमीची तपासणी चुकवायची नाही, असं बजावलंही.

आता सुई टोचायच्या आधी पेशंटला पहिली ट्यूब कशासाठी ते सांगतो. कुणी अडवत नाही. चिप बनवायला आमची काही वर्षं गेली. हे सांगायला एक मिनिट लागतं, आणि तेवढंच आम्हाला सुचलं नव्हतं.