अकरा महिन्यांचा कागद

तुमच्या घरात राहणाऱ्या माणसाला त्याच घराच्या पत्त्याचा साधा कागद द्यायला तुम्ही का कचरता? मी कचरले होते, म्हणून विचारते.

मी पत्रकांवर वाढले. बाबा वस्तीतल्या लोकांसाठी पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि मी ती दारोदार वाटायचे. सरकारी जागेवर झोपडी बांधून राहणाऱ्यांसाठी एक पत्रक दरवर्षी निघायचं. पत्ता असलेला प्रत्येक कागद जपून ठेवा, असं त्यात असायचं. पोराच्या लसीचं कार्ड, गॅसची पावती, पोस्टानं आलेलं पाकीटसुद्धा. हेच कागद उद्या तुमचा हक्क सिद्ध करतील. त्या सल्ल्यावर कित्येकांची घरं वाचली. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

बाबा गेल्यावर यवतमाळच्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आईनं भाड्यानं दिल्या आणि त्यांचा कारभार माझ्याकडे आला. भाडेकरू होता आर्णी रोडवरच्या एका बंजारा तांड्यावरचा, मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. बायको, आणि साडेपाच वर्षांची एक बडबडी मुलगी. आईला तो काकू म्हणायचा, मला ताई. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर, बिननोंदणीचा. एकच प्रत, आणि ती आमच्या कपाटात.

अकरा महिने भरले तेव्हा समोरचे काका आईला म्हणाले, “वैनी, एक दिवस खोली खाली करून घ्या. सलग वर्ष झालं की हे लोक हटत नाहीत.” आमच्या गल्लीत ही पद्धतच आहे. भाडेकरूनं सकाळी सामान अंगणात काढायचं, मालकानं रिकाम्या खोलीला कुलूप लावायचं, जेवणं झाली की पुन्हा उघडून द्यायचं. कायद्यात असं काही नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी कुलूप लावलं.

पलंग, गॅस, भांडी सगळं अंगणात. त्याच्या बायकोनं कडुनिंबाखाली खिचडी टाकली. मुलगी पलंगावर उड्या मारत होती. “याडी, आज आपन भाईरच झोपाचं?” ती तिच्या आईला विचारत होती.

डबे उचलताना एक प्लास्टिकची पिशवी फाटली आणि कागद पसरले. लसीचं कार्ड, गॅसची पावती, कुरिअरची रिकामी पाकिटं. सगळ्यांवर आमचा पत्ता. रिकामी पाकिटं कोण जपून ठेवतं? मला नेमकं माहीत होतं कोण ठेवतं आणि कशासाठी. लोकांना ते आम्हीच तर शिकवलं होतं.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. त्यानं दाराला नवी कडी बसवली, मी मनात नोंद केली. दारावर आडनावाची पाटी लावली, मी आईला सांगितलं. आठवड्याभरानं तो स्वतःच आला.

“काकू, तो करार रजिस्टर करून पाहिजे होता. पोरीच्या अॅडमिशनले लागते.”

“अॅडमिशनले जन्माचा दाखला लागते,” आई म्हणाली. “घराचा कागद कायले?”

“आरटीईच्या मोफत सीटले शाळेजवळ राहतो ते दाखवा लागते.”

“पाहू,” मी म्हटलं.

तो गेल्यावर आई म्हणाली, “आज कागद मांगून राह्यला, उद्या घर मांगन.” मी तिला हटकलं नाही. तीन आठवडे मी त्याला टोलवत राहिले. आई गावाला गेली आहे, आधार सापडत नाही, पुढच्या सोमवारी बघू. दर वेळी तो “ठीक हाय ताई” म्हणून जायचा. इतका गरीबपणा खरा असेल, यावरही माझा विश्वास बसेना.

मग एका दुपारी तहसीलसमोर तो मला स्टॅम्पवाल्याशी बोलताना दिसला. मी गाडी थांबवून सरळ विचारलं, “इथं काय चाललंय?”

“मालकाच्या सहीबिगर करार होते काय, ते इचारून राह्यलो होतो.”

“म्हणजे आमच्या मागे?”

तो पहिल्यांदाच चिडला. “तुमच्या पुढं तीन आठवडे इचारलंच न! ताई, तुमचं घर मले कायले पाहिजे? तांड्यावर हाय माहं घर, पाच खोल्याचं. मले शाळा जवळ पाहिजे होती, बस.” मोबाइल काढून त्यानं आधीच भरलेला अर्ज आणि त्यासोबतच्या कागदांची यादी माझ्यासमोर धरली. पत्त्याच्या पुराव्यासमोर स्पष्ट लिहिलं होतं, भाडेकरार नोंदणीकृत हवा. जवळची पाकिटं चालतील का, हेही तो विचारून आला होता. चालत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी ऑनलाइन करार करणाऱ्या एजंटला घरी बोलावलं. आईचा अंगठा, त्याचा अंगठा, अर्ध्या तासात काम संपलं. एजंट हसला, “काकू, घाबरत होत्या कायले? नोंदणी करणं मालकाचंच काम हाय. अन् त्यात तारीख पक्की लिहून राहते, मालकच सेफ.” आई माझ्याकडे बघत राहिली. घरात वाचणारी मीच होते.

शाळेत कागदांच्या पडताळणीला मी सोबत गेले. टेबलामागच्या बाईंनी करार उलटून तारीख पाहिली. “हा अर्ज भरल्यानंतरचा आहे. आधीचा पाहिजे.” मी वाद घातला, चूक माझी आहे म्हणून सांगितलं, लेखी देते म्हटलं. “तुमचं खरं असेल,” त्या म्हणाल्या, “पण कागद उशिराचा आहे.” मुलगी शाळेच्या घसरगुंडीकडे बघत बापाचं बोट ओढत होती.

शाळेची फी त्याच्या आवाक्यातली नव्हती. जूनमध्ये बायको आणि मुलगी तांड्यावर परतल्या, मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. तो दुकानातल्या तिघांसोबत एका खोलीत राहायला गेला. किल्ली देताना आईच्या पाया पडला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याचं आडनाव आमच्यासारखं असतं, तर ती पिशवी बघून मला संशय आला असता का? मी स्वतःला हे बरेचदा विचारलंय. उत्तर मला आवडत नाही. संशयाला मी सावधपणा म्हणत होते, आणि त्या सावधपणाची शिक्षा पहिलीत जाणाऱ्या एका मुलीला झाली.

तुमच्याकडे भाडेकरू असेल, तर त्याच्या मागण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात करार नोंदवा, एक प्रत त्याच्या हातात द्या, आणि घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर अर्जाची तारीख कधी आहे, हे आजच त्याच्या दारात जाऊन विचारा.