खळमावशीची आठ पानं

आमच्या वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवणारी एक बाई आहे. तिच्या हाताला कायम खळीचा वास, म्हणून सगळे तिला खळमावशी म्हणतात. वय पंचावन्न, आणि भित्री एवढी की स्वतः लोटलेलं दार वाजलं तरी दचकते. कर्मचाऱ्यांची संघटना मी उभी केली, तेव्हा मी रोज 'घाबरू नका' म्हणून ओरडत असूनही अर्जावर सही करायला तिने अकरा दिवस घेतले. केली तीही पेन्सिलीने.

तिची दोन गुपितं होती. दुरुस्तीला आलेली मुलांची पुस्तकं ती आधी वाचते, मग शिवते. उडती घोडी, बोलकी विहीर, ढगात घर बांधणारी चेटकीण, काहीही चालतं. मोठ्यांची जाडजूड कादंबरी दोन दिवसांत हातावेगळी होते, आणि चाळीस पानांच्या जादूच्या गोष्टीला आठवडा लागतो. कुणी विचारलंच तर पुस्तकाची पाठ फार कच्ची होती म्हणायची. दुसरं गुपित म्हणजे, उरलेल्या कोऱ्या कागदांवर ती स्वतःबद्दल लिहायची. आठ-आठ पानांच्या जुड्या करून त्या इतर पुस्तकांच्या दाबून ठेवलेल्या पानांबरोबर वजनाखाली दडवायची.

तिथेच घात झाला. ढगातल्या चेटकिणीचं पुस्तक शिवताना तिने स्वतःची एक जुडीही त्यात शिवून टाकली. सुबक, दुपदरी दोऱ्याने. लक्षात आलं तेव्हा पुस्तक एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी पोचलं होतं.

मावशी माझ्याकडे आली, चेहरा खळीसारखा पांढरा. "ताई, कुणी वाचायच्या आत ते परत आणा." काय लिहिलंय ते मात्र सांगेना.

मला जावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगीच काउंटरवर हजर, पुस्तक पोटाशी धरून. तिला पुढचा भाग हवा होता. चेटकिणीचा नव्हे. मध्येच जी हाताने लिहिलेली पानं आहेत, त्यांत एक बाई आहे, लिफ्टला घाबरते, फोन वाजला की उचलण्याआधी मनात दहा मोजते, त्या बाईचा.

ग्रंथपालसाहेबांनी पुस्तक ओढून घेतलं. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचलं, उगाच सोवळेपणा कशाला सांगू. लिहिलं होतं, 'शूर होईन होईन म्हणत पन्नास वर्षं गेली. आता वाटतं, मी भित्रीच बरी आहे.' त्याखाली एका भोंग्याची गोष्ट होती. तो सगळ्यांना ओरडून सांगतो, घाबरू नका, आणि बाईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. भोंगा कोण हे कळायला मला शाळेत जावं लागलं नाही. कान तापले. पण ओळ अशी नेमकी बसली होती की भांडायला जागाच नव्हती.

साहेबांनी मावशीला वर बोलावलं. पुस्तक वाचनालयाचं आहे, असली खासगी पानं आत्ताच्या आत्ता उसवा, असं फर्मान काढलं. स्वतः उसवायला गेले असते तर सगळं पुस्तकच हातात आलं असतं, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. मावशीने मुकाट्याने कात्री उचलली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीने विचारलं, "ती बाई खरी आहे का?"

कात्री थांबली. मावशी मनात दहा मोजतेय हे मला समजलं. मीही मोजले.

"मीच ती," मावशी म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "आणि मी उसवणार नाही. भीती वाटतेय मला, पण उसवणार नाही."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच पढवून पाठवलीय. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: नोंदवहीत 'आठ पाने जादा' असं लिहायचं, आणि खाली शिवणारीची सही. मावशीने केली. शाईने.

आता पुढची जुडी चालू आहे. मुलगी दर शनिवारी चौकशीला येते. भोंग्याचं पुढे काय होतं, ते मात्र मावशी मला सांगत नाही. म्हणते, ताई, घाबरू नका.