गाणं तेच, पट्टी खालची

गेल्या महिन्यातली एक दुपार. निमोण्याच्या आमच्या घरात मी एकटीच गाणं म्हणून बघत होते... म्हणजे एकटी आहे असं मला वाटत होतं.

आधी थोडं मागचं सांगते. मी शाळेत मराठी शिकवते. दिवाळीनंतर माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाज बसला तो बसलाच.

डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, हळूहळू सुधारेल. किती सुधारेल, ते त्यांनाही सांगता येईना. भरलेला वर्ग आणि बाईंची नुसती कुजबुज, कसं व्हायचं? रजा वाढवत गेले. वरून हसत होते, आतून पार घाबरले होते.

शिरूरला स्पीच थेरपीसाठी जायचे. तिथल्या मॅडमनी सांगितलं, रोज थोडं गुणगुणत जा, तुमच्या आवडीचं काहीही.

आता माझं आवडीचं म्हणजे... माहेरची, खुटबावची माझी भाची पुण्यात कॉलेजला. तिच्या ग्रुपनं गेल्या वर्षी एक मराठी रॉक म्युझिकल बसवलं होतं, ते मी बघायला गेले होते. गिटार, ड्रम, आणि सगळी गोष्ट गाण्यांतूनच. शेवटी नायिका, जिला तिच्याच बँडमधून काढून टाकलंय, ती एकटी स्टेजवर येते आणि जीव तोडून गाते, ‘ऐका... मी इथंच आहे!’

अंगावर काटा आला होता माझ्या. भाचीकडून रेकॉर्डिंग घेतलं आणि त्यानंतर रोज भाकरी थापताना तेच लावायचे. सोबत मीही ओरडायचे. राग नेमका कुणावर होता माहीत नाही, पण ओरडून मोकळं वाटायचं. माझे सासरे, आबा, बाहेर ओट्यावरून विचारायचे, “त्या पोरीला कोण मारतंय का काय?”

तर त्या दुपारी मी तेच गाणं धरलं. ‘ऐका’ला वर गेले आणि आवाज फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. मग तर नुसती हवाच आली... मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडायला लागले. रडण्याचाही आवाज येत नव्हता.

तेवढ्यात आबा पेटी घेऊन आत आले. गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवतात. समोर मांडी घालून बसले आणि वाजवायला लागले... तेच गाणं! सुरुवातीच्या गिटारच्या तुकड्यासकट. फक्त खूप खालच्या पट्टीत, संथ.

मी बघतच राहिले. “आबा, तुम्हाला हे कसं येतं?”

“वरीसभर कानावर पडतंय. पाठ न्हाई व्हायचं तर काय? म्हण आता.”

मी नाही म्हणून मान हलवली. वरचा सूर लागतच नाही, एवढं कसंबसं सांगितलं.

“मंग वर जातीस कशाला? खालनं म्हण. साठीनंतर माझी बी वरची पट्टी गेली. तवापास्नं खालनंच म्हंतोय. देवानं आजून तक्रार केली न्हाई.”

मला हसूच आलं. आणि मी म्हटलं... जाडसर, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा आवाज होता. पण तुटला नाही. शेवटपर्यंत गेला.

गंमत म्हणजे, तेच शब्द वेगळे वाटले. इतके दिवस ते मी जगाला दरडावून सांगत होते. पेटीवर, हळू म्हणताना, ते मला स्वतःलाच सांगितल्यासारखं झालं. आवाज गेला तसा जाऊ दे बाई, तू आहेस ना... इथंच आहेस.

मग रोज दुपारी आमची बैठक सुरू झाली. ड्रमची जागा आली की आबा पेटीवर थाप मारतात. भाचीला रेकॉर्ड करून पाठवलं, तर तिला हसावं की रडावं कळेना.

या सोमवारी शाळेत रुजू झाले. सातवीच्या वर्गाला खरं ते सांगून टाकलं, “माझा आवाज आता असाच आहे. चढवता येत नाही.” मागच्या बाकांवरच्या मुली उठल्या आणि पुढे, फळ्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या तासाला वर्गात एवढी शांतता होती, की तेवढी माझा जुना खणखणीत आवाज असताना कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, “बरं झालं. आता गुरुवारी भजनाला येत जा. आमच्यात खालच्या पट्टीतलं माणूस कमी पडतंय.”

जाणार आहे.