बंदरावर नेलेली गादी

माझ्या नवऱ्याच्या तोंडी आयुष्यभर एक शब्द होता, "बैठिए." रायपूरच्या सदर बाजारात एका कापडाच्या दुकानात ते आमच्या लग्नाआधीपासून कामाला होते. तिथली रीत अशी, की गिऱ्हाइकानं चपला बाहेर काढायच्या, पांढरी चादर घातलेल्या गादीवर ऐसपैस बसायचं, आधी पाणी प्यायचं आणि मग माल बघायचा. कितीही घाईत आलेल्या बाईला हे बसवायचेच. घरीही तेच. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही ते "बैठिए" म्हणायचे, आणि तो बिचारा खांद्यावरचं ओझं सांभाळत माझ्याकडे बघायचा.

मग म्हातारे सेठ गेले. मुलांनी दुकानाला काचा लावल्या, काउंटर आणले. गादी गेली आणि गादीबरोबर यांची नोकरीही गेली. दिवसभर घरी बसलेल्या माणसाचं काय करायचं ते मला कळेना. ते गॅलरीतून बूढापाऱ्याच्या गल्लीतल्या स्कूटर बघत राहायचे आणि मी आत उगाच भांडी आदळायचे.

अशात ते व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा सभेला गेले. तिथं सुटाबुटातल्या एका पाहुण्यानं सांगितलं, की आता विशाखापट्टणमला परदेशी पर्यटकांची मोठाली जहाजं लागणार. जहाज लागलं की रिक्षावाल्यापासून नारळवाल्यापर्यंत सगळं गाव कमावतं. आपला कोसा, आपलं इथलं रेशीम, तिथं न्या, म्हणाला. हे घरी आले ते पुन्हा तरुण झाल्यासारखे.

"गाडीत बसलं का सरळ तिथंच उतरायचं," ते म्हणाले. "आपला कोसा त्यायनं कधी पायलाच नसन."

"पापा, वो लोग घूमने आते हैं, साड़ी लेने नहीं," आमची पोट्टी म्हणाली. ती मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.

"एकदा माणूस गादीवर बसला का उठत नाही, बाई. तू पाहत राय."

शेजारणीचा जावई तिकडे रेल्वेत होता. त्यानं ओळखीनं बंदराकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर एक गाळा मिळवून दिला आणि एका गाइडशी बोलणं करून दिलं. पर्यटकांची बस फिरून परत जाताना आमच्या दुकानापाशी थोडा वेळ थांबणार, असं ठरलं. घरातली पुंजी मालात गेली. वर यांनी गोल बाजारात कापूस पिंजून नवी गादी भरून घेतली आणि ती रेल्वेच्या डब्यात चढवली. लोक म्हणाले, काका, पूरा बेडरूम ले जा रहे हो क्या? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र वरात निघाल्यासारखे खुशीत होते.

पहिल्या जहाजाला मी बरोबर होते. मी रायपूरच्या बूढातलावापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या दिवशी समुद्राकडे बघायला जीव थाऱ्यावर नव्हता. एवढा एक डाव फसला, तर हा माणूस परत गॅलरीत बसेल आणि मग उठणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

बस आली. छातीवर नंबर चिकटवलेली गोरी माणसं उतरली. हे दोन्ही हात जोडून गादीशेजारी उभे. "बैठिए, बैठिए." त्यांनी यांचे फोटो काढले. बूट कोणी काढेना. पाण्याच्या ग्लासाला तर कोणी हातही लावला नाही. बाहेरचं पाणी पिऊ नका, असं त्यांना जहाजावरच बजावलेलं. शेजारच्या दुकानात आकड्यांवर छापील ओढण्या लटकत होत्या, त्या उभ्या उभ्या विकल्या जात होत्या. मला यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात त्यांच्यातली एक म्हातारी आली. तिचे गुडघे दुखत असावेत. गादी बघून तिला बरंच वाटलं. तिनं सँडल काढल्या आणि हुश्श करून बसली. बस! सदर बाजार उघडला. यांनी एकेक शाल अशी उलगडली की वाऱ्यानं तिचे केस हलले. मग शालीच्या टोकाचा एक धागा तोडला, काडी ओढली आणि जाळून दाखवला. जळक्या केसांचा वास आला, राख चिमटीत चुरली गेली. खरा कोसा असाच ओळखतात. म्हातारीनं ती राख आपल्या बोटांवर घेतली आणि बाकीच्यांना हाका मारल्या. बघता बघता गादी भरली. बूट दारात, माणसं मांडी घालायला धडपडतायत, हसतायत, शाली खांद्यावर टाकून बघतायत. गाइड बाहेरून हातातलं घड्याळ दाखवत ओरडत होता. हे त्याला हातानंच सांगत होते, झालं, एक मिनट. त्याला पाणी द्यायला मलाच पाठवलं.

बस गेली तेव्हा हे घामानं निथळत होते. मला म्हणाले, "पाहिलंस? माणूस सारखाच असते सगळीकडे. बसवा लागते फक्त."

मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर जेवावंसं वाटलं.

पुढच्या जहाजाच्या दिवशी बस आली तशी सरळ निघून गेली. शेजारच्या दुकानांपाशीही नाही, थोडं पुढं जाऊन एका मोठ्या दुकानासमोर थांबली. मला वाटलं, ड्रायव्हर चुकला. हे गादीजवळ उभेच होते. त्यानंतरच्या वेळीही तसंच झालं, तेव्हा यांनी गाइडला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची यांची सवय, म्हणून मलाही ऐकू आलं. गादी भरली त्या पहिल्या दिवशी बस बंदरावर उशिरा पोचली होती. जहाज कोणासाठी थांबत नाही. थोडक्यात निभावलं, पण गाइडची नोकरी जाता जाता राहिली.

तो चिडून बोलत नव्हता, ते जास्त लागलं. "क्या बताऊँ भैया," तो म्हणाला, "आपके यहाँ लोग बैठ जाते हैं."

यांनी फोन ठेवला. मग गादीवरची चादर काढली, झटकली, घडी केली. मी म्हटलं, "अहो, आपणही लटकवू ना शाली." ते गादीची गुंडाळी करायला लागले.

त्या सभेतला पाहुणा खोटं बोलला नव्हता. जहाजामुळं बंदराचं भलं झालंच. रिक्षावाले, नारळवाले, पहिल्या दिवशी शेजारचा छापील ओढण्यांवालाही, सगळे चार पैसे कमावताना मी डोळ्यांनी पाहिले. मला तरी त्या पाहुण्याचा राग येतो. उभ्या उभ्या विकता आलं पाहिजे, हे त्यानं सांगायला हवं होतं.

आम्ही रायपूरला परतलो. गादी माळ्यावर गेली. उरलेला कोसा ट्रंकेत आहे, हे गॅलरीत आहेत.

परवा समोरची वहिनी आली. पोरीच्या लग्नासाठी कोशाची साडी बघायची होती. मला वाटलं, आता तरी यांच्या अंगात येईल. यांनी ट्रंकेतून दोन साड्या काढल्या, दारापाशी नेल्या आणि घडी न मोडता हातावर धरून उभे राहिले. ती बापडी उंबऱ्यातच थांबली.

मी आतून म्हटलं, "अहो, वहिनीले बसवा ना."

"नाही, नाही," ते घाईनं म्हणाले. "त्यायले जायचं असन."

वहिनी आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे बघत राहिली.

"मले कुठं जायचं आहे, भाऊजी?" ती म्हणाली. "मी तर समोरच राहते."